हार्ड डिस्क दिली तेव्हा ती चालू होती

गेल्या पावसाळ्यात माझ्या संगणकातली १ टीबीची हार्ड डिस्क मंदावली. फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं लागायची, मध्येच सगळं अडकून बसायचं. पण संगणकाला डिस्क दिसत होती आणि तिच्यातून टकटक आवाज येत नव्हता. हे एवढ्यासाठी सांगते, की पुढे दुकानदाराचं खोटं यावरूनच उघडं पडलं.

मी पुण्यात डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं संगणकावर जुळवण्याचं काम करते. २००९ पासूनच्या पुस्तकांच्या फाइली त्या डिस्कवर होत्या. छापून झालेल्या पुस्तकांच्या पीडीएफ छापखान्यातून परत मिळाल्या असत्या. एका पुस्तकाचं तसं नव्हतं. मावळातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं आत्मचरित्र, ३१२ पानं, छपाईला जायचं होतं. गुरुजींनी प्रुफं दोनदा तपासली. दुसऱ्या वेळी एक प्रकरण काढून टाकलं आणि ते समोर बसून नव्याने सांगितलं. मी तिथल्या तिथे टाइप केलं. तीन महिन्यांनी गुरुजी गेले. ती शेवटची प्रत फक्त माझ्याकडे होती, आणि मी तिचा बॅकअप घेतला नव्हता. ही चूक माझीच, तिचं खापर मी कुणावर फोडणार नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं, तर पिवळ्या रंगात 'कॉशन' आलं आणि खाली 'करंट पेंडिंग सेक्टर'चा आकडा. म्हणजे काही जागा डिस्कला वाचता येत नव्हत्या. मी घाबरले आणि दुसऱ्याच दिवशी डिस्क काढून, बिघडलेल्या डिस्कमधला डेटा काढून देणाऱ्या एका दुकानात नेली. दारावर पाटी होती : डेटा नाही तर पैसे नाहीत.

तपासणीचे १,००० रुपये मात्र आधी घेतले, तेही एका खासगी नंबरवर यूपीआयने. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे तारीख लिहून दिली. डिस्कचा सीरियल नंबर कुठेच लिहिला नाही आणि मलाही फोटो काढून ठेवायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "मॅडम, हेड गेलंय. दिल्लीच्या लॅबला पाठवावी लागेल, डोनर डिस्क लागते. २२,००० होतील, निम्मे आत्ता. आणि लवकर सांगा, जितके दिवस जातील तितकी आतली चकती खराब होते." हेड म्हणजे चकतीवरचा डेटा वाचणारा भाग, तो बिघडला की डिस्क बहुधा टकटक करते; डोनर डिस्क म्हणजे सुटे भाग काढायला तशीच दुसरी डिस्क. पण त्या शेवटच्या वाक्याने माझा धीर सुटला आणि मी ११,००० पाठवले. बंद पडून राहिलेली डिस्क अशी दिवसागणिक बिघडत नाही. बिघडते ती वीज जोडून पुन्हा पुन्हा चालवल्याने. हे मला फार उशिरा कळलं.

नवव्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या फोल्डरांच्या यादीचा स्क्रीनशॉट आला. "लॅबमधून आलंय, डेटा दिसतोय. पण चकतीवर ओरखडे आहेत, १४,००० आणखी लागतील." गुरुजींच्या नावाचा फोल्डर त्यात दिसला तेव्हा मला रडू आलं. तरी मी नाही म्हणाले, कारण एवढे पैसे जवळ नव्हतेच. मग दुकानदाराने चार दिवस फोन उचलला नाही, आणि पाचव्या दिवशी डिस्क एका प्लॅस्टिकच्या पिशवीत परत मिळाली. झाकणावरचं सील फाटलेलं, दोन स्क्रू गायब. आगाऊ दिलेले पैसे 'लॅबचा खर्च' म्हणून बुडाले.

मी ती मुंबईला एका दुसऱ्या जागी नेली. तिथल्या इंजिनिअरने गाळलेल्या हवेच्या बंदिस्त टेबलावर झाकण काढलं आणि मला काचेतून पाहायला बोलावलं. चकतीवर बोटाचा ठसा होता आणि एक गोल चरा पडलेला होता. चालू डिस्कमध्ये हेड चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं, आणि माणसाचा केस हजारो नॅनोमीटर जाडीचा असतो. उघड्या खोलीत झाकण काढून डिस्क फिरवली, की धुळीचा एक कण हेडखाली यायला पुरतो. म्हणून असं काम धूळविरहित जागेतच करतात.

मग त्याने तो स्क्रीनशॉट मागितला. मोठा करून उजवीकडचा खालचा कोपरा दाखवला. घड्याळाखाली तारीख होती मी डिस्क दिली त्याच दिवसाची, वेळ संध्याकाळी पावणेसात. म्हणजे मी दुकानातून निघाले त्यानंतर दोन तासांत त्यांनी माझे फोल्डर पाहिले होते. हेड गेलेली डिस्क फोल्डरांची नावं दाखवू शकत नाही. ती ना दिल्लीला गेली होती, ना तिचं हेड गेलं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी तिची सेक्टरवार प्रत, म्हणजे क्लोन, दुसऱ्या डिस्कवर घेतला असता तर बहुतेक सगळं वाचलं असतं. डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन हेच करतं : चांगला भाग आधी उचलतं, अडणाऱ्या जागा नंतरसाठी ठेवतं. तुमची डिस्क मंद झाली असेल पण दिसत असेल, तर तिच्यावर चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क-दुरुस्तीचं साधन) चालवू नका, फाइली एकेक कॉपी करत बसू नका. ती बंद करा आणि ज्याच्याकडे न्याल त्याला पहिला प्रश्न हा विचारा, की आधी क्लोन घेणार का. झाकण उघडायचं असेल तर माझी लेखी परवानगी लागेल, हे पावतीवर लिहून घ्या. सीरियल नंबरचा फोटो डिस्क हातातून सोडण्याआधी काढा. 'हेड गेलं' म्हणाले, तर समोर डिस्क जोडायला लावून टकटक आवाज येतो का ते ऐका. मी यातलं काहीच केलं नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, मी तक्रार नोंदवली. दुकानदाराने उत्तर दिलं नाही. आता ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून २ वर्षांत तक्रार करता येते. हातात यूपीआयचे दोन व्यवहार आहेत, तो स्क्रीनशॉट आहे आणि मुंबईच्या इंजिनिअरचा लेखी अहवाल.

गुरुजींच्या मुलीला हे सांगायला मला आठवडा लागला. ताई काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "पहिली प्रुफं माझ्याकडे आहेत. बाबांनी केलेल्या दुरुस्त्याही त्यांच्यावर आहेत." त्या प्रुफांवरून आम्ही पुन्हा टाइप करतो आहोत. नव्याने सांगितलेलं ते प्रकरण मात्र कागदावर कुठेच नाही. ताईंना आणि मला जेवढं आठवतं तेवढं दर रविवारी लिहून काढतो. आत्तापर्यंत ४६ पानं झाली आहेत.