फ्रीराइडचं सस्पेन्शन: आधी मागचा शॉक ठरवा, मग पुढचा फोर्क

फ्रीराइडची, म्हणजे डोंगरातल्या मोठ्या उड्या आणि अवघड उतारांची, सायकल जुळवायला घेतलेला माणूस बहुतेक वेळा पुढून सुरुवात करतो. फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा चिमटा, नजरेत भरतो, त्याच्या नळ्यांची जाडी दिसते, रंग दिसतो, आणि पैसेही बहुधा त्यालाच जास्त पडतात. मागचा शॉक, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के झेलणारा भाग, मग उरलेल्या पैशांत बसेल तो. मला हा क्रमच उलटा वाटतो. चांगला फोर्क बऱ्याच फ्रेमवर नीट चालतो. शॉक मात्र फ्रेमच्या कलानेच घ्यावा लागतो, त्यात तुमच्या आवडीला फारशी जागा नसते. म्हणून ही तुलना मागून सुरू करतो.

त्याआधी, उतरणार कुठे ते ठरवा, कारण फ्रीराइड हा काही एकच प्रकार नाही. व्हँकुव्हरच्या नॉर्थ शोअरला, फ्रोम आणि सीमोरच्या जंगलात, पाऊस, झाडांची मुळं, शिडीसारख्या ओल्या लाकडी वाटा आणि कमी वेगातल्या उभ्या उड्या असतात. तिथून उत्तरेला व्हिसलरच्या बाइक पार्कात लिफ्टने वर जायचं आणि ‘ए-लाइन’ या वाटेवरून एकामागून एक टेबलटॉप (मधे सपाट माथा असलेल्या उड्या) मारत खाली यायचं. तिसरं टोक यूटामधल्या व्हर्जिनचं. रेड बुल रॅम्पेज ही फ्रीराइडची स्पर्धा २००१ साली पहिल्यांदा तिथेच झाली. कोरडे वालुकाश्माचे कडे, धारेवरची वाट, आणि खाली पडलं की सगळा भार दोन चाकांवर. या तिन्ही ठिकाणी सारखाच उत्तम चालेल असा एक संच नाही.

मागे: कॉइल की एअर

कॉइल शॉकमध्ये धातूची स्प्रिंग असते, एअर शॉकमध्ये दाबलेली हवा. यांच्यातला वाद लोक वजनावर नेतात. कॉइल जड, एअर हलका, हे खरंच आहे. पण फ्रीराइडमध्ये अर्धा किलो इकडेतिकडे झाल्याने कुणाची उडी चुकत नाही. प्रश्न फ्रेमच्या लिव्हरेजचा आहे.

मागच्या चाकाच्या ट्रॅव्हलला (चाक वरखाली किती हलतं) शॉकच्या स्ट्रोकने (शॉक किती दबतो) भागलं की सरासरी लिव्हरेज रेशो मिळतो. १७० मिमी ट्रॅव्हलची फ्रेम आणि २३०×६५ मापाचा (लांबी २३० मिमी, स्ट्रोक ६५ मिमी) शॉक असेल, तर १७० भागिले ६५ म्हणजे सुमारे २.६. खरी गोष्ट पुढे आहे: हा रेशो ट्रॅव्हलभर बदलत जातो. सुरुवातीला ३.० आणि शेवटी २.३ असेल, तर फ्रेम साधारण २३ टक्के प्रोग्रेसिव्ह आहे. म्हणजे जितकं खाली दबेल तितकी ती स्वतःच कडक होत जाते.

कॉइल स्प्रिंग सरळ रेषेत कडक होते. पहिल्या मिलिमीटरला जोर जितका वाढतो, तितकाच शेवटच्याला. हवेचं तसं नाही. ती शेवटी शेवटी झपाट्याने कडक होते, आणि आत व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारे तुकडे) टाकून हा कडकपणा आणखी वाढवता येतो. म्हणून वीस टक्क्यांच्या वर प्रोग्रेसिव्ह असलेल्या फ्रेमला कॉइल शोभतो. दहा-बारा टक्क्यांच्या फ्रेमवर मोठ्या उडीनंतर तोच कॉइल थेट तळाला आपटेल; तिथे एअर घ्या आणि वाद संपवा. रॉकशॉक्सच्या व्हिविडसारख्या काही शॉकमध्ये शेवटच्या टप्प्यासाठी वेगळं हायड्रॉलिक बॉटम-आउट (तळाला आपटणं अडवणारी तेलाची सोय) असतं, त्याने कॉइलची ही उणीव थोडी झाकते. पूर्ण नाही झाकत.

कॉइलच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मला उष्णतेचा वाटतो. लांब उतारावर शॉक तापतो. आतली हवा २० अंशांवरून ६० अंशांवर गेली, तर दाब सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. सकाळी लावलेला सॅग (स्वार बसल्यावर सस्पेन्शन जितकं दबतं ते) उताराच्या शेवटी तो सॅग राहत नाही. स्टीलच्या स्प्रिंगला याने काही फरक पडत नाही. (डॅम्परमधलं, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या भागातलं, तेल मात्र दोन्हीकडे तापून पातळ होतं, त्यातून सुटका नाही.)

एअरच्या बाजूनेही ठोस मुद्दा आहे. वजन बदललं, सामान बदललं, मित्राला सायकल दिली, तर पंप लावून दोन मिनिटांत काम होतं. कॉइलला दर वेळी नवी स्प्रिंग. तिचा अंदाज असा काढता येतो: सगळ्या सामानासकट ८० किलोचा स्वार, त्यातले साधारण ६५ टक्के मागच्या चाकावर, म्हणजे ५२ किलो. याला २.६ ने गुणलं की शॉकवर १३५ किलो, म्हणजे जवळपास ३०० पौंड. ३० टक्के सॅग म्हणजे ६५ मिमी स्ट्रोकमधले साडेएकोणीस मिमी, सुमारे पाऊण इंच. भागाकार ३९० च्या आसपास येतो, म्हणजे ४०० पौंडांची (एक इंच दाबायला तेवढा जोर लागणारी) स्प्रिंग. हा फक्त पहिला अंदाज. स्प्रिंगा २५ किंवा ५० च्या टप्प्यांनी मिळतात, आणि प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी, चकती आवळून चुकीच्या स्प्रिंगला बरोबर करता येत नाही. एक-दोन फेऱ्यांपेक्षा जास्त आवळावी लागली तर स्प्रिंग बदला.

आणखी एक अडचण दुकानदार सहसा सांगत नाहीत. काही फ्रेममध्ये शॉक लांब दांड्याच्या क्लेव्हिसने (दुबेळक्याच्या जोडाने) जोडलेला असतो. तिथे कॉइलच्या शाफ्टवर (आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्यावर) आडवा ताण येतो, तो वाकूही शकतो. फ्रेमवाल्याने कॉइलला परवानगी दिली आहे का, हे लेखी पाहा. माप घेताना शॉकच्या दोन्ही टोकांच्या बोल्टच्या भोकांमधलं अंतर काटेकोर तपासा: २३०×६५ आणि ट्रनियनचा (एक टोक दोन बाजूंच्या बोल्टांनी बसणारा) २०५×६५ यांचा स्ट्रोक सारखा असला तरी एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

पुढे: एक क्राउन की दोन

क्राउन म्हणजे फोर्कच्या दोन नळ्या वर एकत्र धरणारा आडवा भाग.

| फोर्क | नळीचा व्यास | ट्रॅव्हल (मिमी) | ॲक्सल (व्यास×रुंदी, मिमी) | क्राउन |
|---|---|---|---|---|
| फॉक्स ३८ | ३८ मिमी | १८० पर्यंत | १५×११० | एक |
| रॉकशॉक्स झेब | ३८ मिमी | १९० पर्यंत | १५×११० | एक |
| मॅनिटू मेझर | ३७ मिमी | १८० पर्यंत | १५×११० | एक |
| फॉक्स ४० | ४० मिमी | २०३ | २०×११० | दोन |
| रॉकशॉक्स बॉक्सर (२०२४ पासून) | ३८ मिमी | २०० | २०×११० | दोन |

२०२० मध्ये फॉक्स ३८ आणि झेब आले, आणि हा निर्णय पूर्वीपेक्षा अवघड झाला. त्याआधी एका क्राउनचा फोर्क म्हणजे बहुतेकांसाठी ३५ किंवा ३६ मिमीचा. मोठ्या उडीत तो वाकला की नळ्या बुशिंगमध्ये (ज्यांतून त्या सरकतात त्या कड्यांमध्ये) अडकल्यासारख्या होतात आणि नेमकं हवं तेव्हाच सस्पेन्शन हलत नाही. ३८ मिमीने ही तक्रार बरीच कमी केली.

तरीही दोन क्राउनचा फोर्क वेगळाच. सरळ खाली येणाऱ्या भाराखाली तो फारसा वाकत नाही. त्याची किंमत पैशांत आणि जवळपास अर्धा किलो जादा वजनात मोजली जाते, पण त्याहून जास्त हँडल वळण्यात. नळ्या फ्रेमच्या डाउनट्यूबला (खालच्या तिरक्या नळीला) लागतात, त्यामुळे हँडल पूर्ण फिरत नाही. बारस्पिन (हवेत हँडल पूर्ण फिरवणं) आणि टेलव्हिप (हवेत फ्रेम हँडलभोवती फिरवणं) बाद. रॅम्पेजमध्येही ज्यांना या युक्त्या करायच्या असतात ते एका क्राउनवरच येतात. नॉर्थ शोअरच्या अरुंद शिडीवर, पायी चालण्याच्या वेगात चाक वळवायचं असेल, तेव्हाही ही मर्यादा चांगलीच जाणवते.

भूमितीचा हिशेबही आहे. फोर्क १० मिमीने वाढला की हेड अँगल (फोर्कचा कल) सुमारे अर्ध्या अंशाने लोळतो आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस) थोडा वर येतो. १७० मिमीच्या फ्रेमवर २०० चा फोर्क चढवला तर सायकल नाक वर करून उभी राहते, आणि फ्रेमवाल्याची वॉरंटी तिथेच संपण्याची शक्यता मोठी.

पैसे वाचवायचे असतील तर कुठे वाचवावेत? फॉक्सच्या नळ्यांवरच्या सोनेरी कशिमा थरात नक्कीच. परफॉर्मन्स एलिट श्रेणीत तोच डॅम्पर काळ्या नळ्यांत मिळतो. झेबमध्येही स्वस्त सिलेक्ट आणि महाग अल्टिमेट यांच्या नळ्या ३८ मिमीच्याच; पैसे आतल्या डॅम्परचे जातात. उंच ड्रॉप मारणाऱ्याने ते द्यावेत, कारण हाय-स्पीड कॉम्प्रेशन (झटकन दबण्याला डॅम्परचा विरोध) वेगळं लावता येणं जमिनीला लागतानाच उपयोगी पडतं. इथे ‘स्पीड’ म्हणजे शाफ्ट दबण्याचा वेग, सायकलचा नव्हे. जुन्या मार्झोकी बॉम्बर फोर्कच्या आठवणीने कासावीस होणाऱ्यांसाठी, २०१५ पासून फॉक्सकडे असलेल्या त्या नावाखाली कॉइलचा झेड-वन निघाला आहे. साधा, मऊ आणि हवेच्या भानगडीतून मुक्त. पण नळ्या ३६ मिमीच्या, हे विसरू नका.

माझी निवड विचाराल तर व्हिसलरसारख्या पार्कसाठी पुढे १८० मिमीचा एका क्राउनचा एअर फोर्क, मागे फ्रेम मानत असेल तर कॉइल. नॉर्थ शोअरला हेच, फक्त पुढे १७०. दोन क्राउन मी फक्त त्यालाच सुचवेन, जो खरोखर कड्यांवरून सरळ उतरतो आणि ज्याची फ्रेम मुळातच डाउनहिलची आहे. फोर्कला १५ ते २० टक्के सॅग, मागे ३० च्या जवळ. पुढून फार मऊ ठेवाल तर जमिनीला लागताना हँडलवरून पुढे जाल.

पुण्या-मुंबईतून हे वाचणाऱ्यांसाठी गणित थोडं बदलतं. आपल्याकडे लिफ्टने वर जायची सोय नाही. सायकल पिकअपमध्ये टाकायची किंवा स्वतः चढवायची, म्हणजे वजनाचा मुद्दा परत जिवंत होतो. त्याहून मोठा मुद्दा सर्व्हिसचा. फोर्कचे खालचे पाय उतरवून तेल आणि सील बदलणं घरी शिकता येतं. रॉकशॉक्स ते दर ५० तासांनी करायला सांगते, आणि सह्याद्रीतल्या पावसाळी चिखलात त्याआधीच केलेलं बरं. शॉकचा डॅम्पर मात्र घरी उघडायची वस्तू नाही, त्याला खास हत्यारं आणि बऱ्याचदा नायट्रोजन लागतो. गल्लीतला मोटारसायकलचे शॉकअप भरणारा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे हे काम देऊ नका. घेण्याआधी विक्रेत्याला विचारा, डॅम्पर देशात उघडला जाईल की बाहेर पाठवावा लागेल. बाहेर पाठवावा लागणार असेल, तर कमी सीलचा कॉइल शॉक इथे आणखी एका गुणाने पुढे जातो. फोर्कच्या सीलचा एक जादा संच पहिल्याच ऑर्डरमध्ये टाका. नंतर एकट्या सीलसाठी कुरिअर आणि कस्टम भरणं फार जिवावर येतं.