व्हीआयए, पॅप की एचपीव्ही? तिशीनंतर कोणती तपासणी करावी

बडोद्यात पिशवीच्या तोंडाची म्हणजे गर्भाशयमुखाची कॅन्सरसाठी तपासणी करायची ठरवली, की तीन नावं कानावर येतात: व्हीआयए, पॅप स्मिअर आणि एचपीव्ही डीएनए. यातली चांगली कोणती हे विचारण्याआधी स्वतःला एक विचारा. रिपोर्ट आणायला, आणि गरज पडली तर पुढच्या तपासणीला, पुन्हा जाणं जमेल का? निवड बरीचशी तिथेच ठरते.

व्हीआयएमध्ये गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड कापसाने लावतात, एक मिनिट थांबतात आणि चांगल्या उजेडात पाहतात. पेशी बदललेल्या असतील तर दाट पांढरा, स्पष्ट कडांचा डाग उमटतो. लॅब लागत नाही, उत्तर त्याच टेबलावर मिळतं. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर ५ वर्षांनी हीच तपासणी ठेवली आहे. उणीव अशी की सगळी भिस्त पाहणाऱ्याच्या नजरेवर. साध्या सुजेनेही भाग पांढरा दिसू शकतो. पाळी गेल्यावर तर जिथे बदल सुरू होतात तो भाग आत सरकतो आणि दिसतच नाही, म्हणून पन्नाशीनंतर फक्त व्हीआयएवर विसंबू नये.

पॅपमध्ये ब्रशने किंवा चपट्या लाकडी पट्टीने पेशी घेऊन काचेवर पसरतात. ती काच लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवावी लागते. हवेत वाळली तर पेशी फुगतात, कडा पुसट होतात आणि रिपोर्ट येतो, ‘नमुना अपुरा’. लिक्विड बेस्ड पॅपमध्ये ब्रश बाटलीतल्या द्रवात खळबळून घेतात, त्यामुळे हा घोळ टळतो. परवडत असेल तर तोच मागा. एका वेळच्या पॅपमधून बरेच बदल निसटतात. तिची ताकद दर ३ वर्षांनी न चुकता करण्यात आहे. एकदा ‘नॉर्मल’ आला म्हणून दहा वर्षं फिरकायचं नाही, असं केलं तर पॅपचा अर्थच उरत नाही.

एचपीव्ही तपासणी पेशींऐवजी कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू शोधते. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणीची संधी मिळालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न दिलेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. एकाच वेळच्या पॅप किंवा व्हीआयएने तसा ठोस फरक दिसला नाही. याउलट मुंबईत टाटा मेमोरियलच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे साधी तपासणीही पुन्हा पुन्हा केली तर जीव वाचवते. आणि तपासणी एकदाच होणार असेल, पण रिपोर्टला आणि पुढच्या तपासणीला जाणं जमणार असेल, तर ती एचपीव्ही असावी. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारसही ३० व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्हीचीच आहे.

एचपीव्हीचा नमुना स्वतःलाही घेता येतो. पाय फाकवून तपासून घ्यायचा संकोच ज्यांना दवाखान्यापासून दूर ठेवतो, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. किटमधल्या कांडीच्या टोकाला हात न लावता ती खुणेपर्यंत हळूच आत सरकवायची, किटवर लिहिलं असेल तशी फिरवायची आणि सरळ नळीत घालायची.

खर्च मात्र पॅपपेक्षा बराच जास्त. शिवाय रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला की घाबरगुंडी उडते. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकींच्या शरीरातून विषाणू दोनेक वर्षांत आपोआप जातो. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, म्हणून त्यावरून नवऱ्यावर किंवा स्वतःवर संशय घेऊ नका. रिपोर्टमध्ये १६ आणि १८ हे प्रकार वेगळे दाखवणार का, हे आधीच विचारून घ्या, कारण सुमारे ७० टक्के कॅन्सर या दोघांमुळे होतात. ते आढळले तर थेट कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगाच्या यंत्रातून गर्भाशयमुख बारकाईने पाहणं. इतर प्रकारांत आधी पॅप किंवा व्हीआयए.

आमचा कौल असा. तिशी ओलांडली आहे आणि पैसे जमतात, तर एचपीव्ही. पंचविशीत असाल तर पॅप. त्या वयात विषाणू सहज सापडतो आणि सहज निघूनही जातो, नाहक घोर लागतो. रिपोर्टसाठीही पुन्हा येणं होणार नाही अशी बाई, मग ती घरकामाला येणारी ताई असो की गावाकडची वहिनी, तिला आज सरकारी केंद्रात व्हीआयएला न्या. पिशवी काढली असेल तर कागद पाहा: तोंड ठेवलं असेल तर तपासणी हवीच. एचपीव्हीची लस घेतली असली तरीही हवी.

तारीख पाळी सुरू झाल्यापासून साधारण १० ते २० व्या दिवसातली घ्या. गौरी-गणपतीला किंवा नवरात्रात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्यानुसार दिवस मोजा. आधीचे ४८ तास संबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या, क्रीम आणि आतून धुणं टाळा.

संबंधानंतर रक्त दिसत असेल, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त जात असेल किंवा घाण वासाचं पाणी जात असेल, तर या तिघींतली निवड करत बसू नका. सयाजी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात किंवा आपल्या डॉक्टरकडे याच आठवड्यात जा आणि त्रास आधी सांगा. मागचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी.