मंगळवार पेठेतलं बिनपाटीचं दुकान

सोलापुरातल्या या जुन्या वस्तूंच्या दुकानाला पाटी नाही, तेव्हा नाव विचारू नका. मंगळवार पेठेतल्या एका बोळात, दाराला अडणी म्हणून शेराचं जुनं लोखंडी वजन लावलेलं दिसलं की तेच. (शेर म्हणजे ऐंशी तोळे, आजचे ९३३ ग्रॅम. वारा सुटला की दार ते वजन ढकलत नेतं, ते वेगळं.)

मालात सोलापूरच सोलापूर. हातमागाचे धोटे, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेले, एकात कांडीवर हिरवं सूत अजून शिल्लक. नंबर ठोकलेले पितळी बिल्ले. १८७७ साली निघालेल्या जुन्या मिलचे का, असं विचारलं तर दुकानदार अण्णा म्हणतात, "असतील की, मला काय माहीत." मला हे फार आवडतं. पुण्या-मुंबईकडे दौत घ्यायला जावं तर सोबत पेशव्यांची गोष्ट गळ्यात मारतात. इथे गोष्ट मिळत नाही, नुसती वस्तू मिळते.

मी कादंबऱ्या लिहिते. पात्रं सुचतात, नावं सुचत नाहीत. म्हणून माझा मुक्काम मागच्या मांडणीपाशी, नाव घातलेल्या भांड्यांजवळ. टिंब टिंब करून कोरलेलं 'चि. सौ. कां. हिस मामाकडून', खाली १९६४. काहींवर तेलुगू अक्षरं, काहींवर कन्नड. तेलुगू अण्णा वाचून दाखवतात, त्याचे पैसे घेत नाहीत. परवा एक तांब्या निघाला. त्यावरचं मूळ नाव छिन्नीने उभं-आडवं खोडलेलं आणि खाली दुसऱ्या बाईचं नाव. आडनाव मात्र एकच. जाऊ? सवत? सून? मी अर्धा तास तो तांब्या उजेडाला धरून बसले. अण्णा म्हणाले, "अक्का, पितळ आहे ओ, काय बघायलाव एवढं?" आणि वजन करून साडेचारशे सांगितले. घासाघीस केली नाही.

आता तक्रार. गेल्या दिवाळीत इथूनच लंबकाचं घड्याळ घेतलं, अठराशेला. "एकदा चावी दिली की आठवडा बघायचं नाही," असं सांगितलं होतं. ते दुपारपर्यंत चालतं आणि जेवणाच्या वेळेला थांबतं. दोनदा परत नेलं, दोन्ही वेळा दुकानात नीट चाललं. तिसऱ्यांदा अण्णांनी माझ्याकडेच संशयाने पाहिलं. पैसे परत मिळत नाहीत, बदलून दुसरी वस्तू घ्या म्हणतात. घड्याळं, रेडिओ, शिवणयंत्रं, म्हणजे चालायला हवं असं काहीही इथून घेऊ नका. नुसतं पडून राहणारं खुशाल घ्या. बिल मागितलं तर पंचांगाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मिळतं.

गल्ल्यावर बसतो भावड्या. पांढरा, काळा, केशरी असा तिरंगी बोका, असं अण्णांचं म्हणणं. मी त्यांना सांगून पाहिलं, की तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, केशरी आणि काळा दोन्ही रंग अंगावर यायला एक्स गुणसूत्रं दोन लागतात. अण्णांनी ऐकून घेतलं आणि भावड्याला पाव टाकला.

गेल्या आठवड्यात भावड्याने कोपऱ्यातल्या पत्र्याच्या ट्रंकेत चार पिल्लं घातली. नेमकी तीच ट्रंक मी महिनाभर बघून ठेवलेली, झाकणाच्या आत कुणीतरी धोब्याचा हिशेब लिहिलाय म्हणून.

"मग आता नाव बदलणार का?" मी विचारलं.

"कशाला? हाक मारली की येतंय की."

"आणि ट्रंक?"

"डोळे उघडू द्या आधी. पुढच्या मंगळवारी या, मग भाव करू."