जुना ईसीएम हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका

मे महिन्यात भर दुपारी सात रस्त्यावर माझी डिझेल गाडी बंद पडली. शेजारी वडील, बाहेर सोलापूरचं ऊन. स्टार्टर फिरायचा, पण इंजिन काही उचलेना. टो करून एका गॅरेजात नेली. मिस्त्रीनं स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला आणि पाच मिनिटांत निकाल दिला, "मालक, स्कॅनर कनेक्टच होईना. ईसीएम गेलाय. गाडीचा मेंदूच ओ तो."

नवा ईसीएम (म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), प्रोग्रामिंग आणि मजुरी धरून ४१,५०० रुपये. २६,५०० रोख घेतले, १५,००० यूपीआयनं. बिल म्हणून वहीचं फाडलेलं पान, त्यावर ना गॅरेजचं नाव, ना पार्ट नंबर. जुना ईसीएम मागितला तर म्हणाला, "तो कंपनीला परत द्यावा लागतो, म्हणून तर तुम्हाला स्वस्तात बसला." मी विश्वास ठेवला.

ऑगस्टच्या पावसात गाडी पुन्हा तशीच अडली. या वेळी मित्रानं अक्कलकोट रोडच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं. त्यांनी स्कॅनरला हात न लावता आधी मीटर काढला. बॅटरीचा ट्रे उचलला. ईसीएमची अर्थिंगची वायर बॉडीला जिथे बोल्टनं कसलेली असते, तिथे हिरवट गंज धरला होता. पॉलिश पेपरनं जागा घासली, वायरच्या टोकाला नवा लग (धातूची कडी) दाबला, बोल्ट आवळला. स्कॅनर लगेच कनेक्ट झाला, गाडी पहिल्याच चावीला सुरू. ६५० रुपये! अर्थिंग तुटलं की ईसीएम जागाच होत नाही, मग स्कॅनरला उत्तर कोण देणार? पहिल्या गॅरेजात काढ-घाल करताना ती वायर तात्पुरती बसली असणार.

खरा धक्का पुढे होता. त्यांनी ईसीएममध्ये लिहिलेला १७ अक्षरी चेसिस नंबर वाचून दाखवला. आरसी बुकाशी ताडला तर शेवटचे आकडेच वेगळे. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा जुना ईसीएम मला नवा म्हणून विकला. असा ईसीएम माझ्या चावीतली चिप ओळखणार नाही, म्हणून पहिल्या गॅरेजवाल्यानं इमोबिलायझरच, म्हणजे चिपची चावी नसेल तर गाडी चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणाच, बंद करून टाकला होता. खात्री करायला १५० रुपयांत चिप नसलेली साधी चावी कापून आणली. गाडी सुरू झाली आणि चालूच राहिली. इमोबिलायझर शाबूत असता तर सुरूच राहिली नसती. तीन महिने रात्रभर गल्लीत उभी असायची ती गाडी! आणि माझा मूळ ईसीएम, ज्यात बहुधा काहीच बिघाड नव्हता, तो कुठे गेला कोण जाणे.

तुम्हाला कुणी ईसीएम गेला म्हटलं, तर आधी बॅटरी, फ्यूज, मेन रिले आणि ईसीएमच्या कपलरवर (वायर जोडायच्या सॉकेटवर) सप्लाय-अर्थ येतो का, हे मीटरनं समोर बघायला लावा. बदलायचाच झाला तर पक्क्या बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या, चेसिस नंबर स्कॅनरवर वाचून दाखवायला सांगा आणि जुना ईसीएम ताब्यात घ्या. एक्स्चेंजमध्ये द्यायचा असेल तर तसं बिलावर येऊ दे. चिप नसलेल्या चावीनं गाडी चालते का, हेही बघाच.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली आहे. पुरावा म्हणून १५,००० रुपयांची यूपीआयची नोंद आणि स्कॅनरच्या पडद्याचा फोटो एवढंच माझ्याकडे आहे. रोख दिलेल्या पैशांचा कागद नाही. इमोबिलायझर परत चालू करून घ्यायचाय. तोवर रोज रात्री स्टिअरिंगला लोखंडी लॉक घालतो.