मृत्यूच्या दाखल्यापायी गेलेले ५,७०० रुपये

हे गेले त्याला अडीच महिने होत आले होते. दहावं रामकुंडावर, तेरावं घरी, मग येणारी-जाणारी माणसं. दाखल्याचं बघू सवडीने, असंच वाटत होतं. पेन्शनच्या टेबलावरच्या बाईंनी फाईल परत केली तेव्हा जागी झाले.

आम्ही नाशिकच्या सिडकोतले, म्हणून आधी महापालिकेच्या सिडको विभागीय कार्यालयात गेले. तिथे कळलं, नोंद राहत्या जागेची नसते, मृत्यू जिथे झाला तिथली असते. हे गेले शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका खासगी दवाखान्यात. त्या विभागाच्या खिडकीवर नाव शोधलं, सापडलं नाही. "दवाखान्यात विचारून या," म्हणाले. तेवढं ऐकायला हवं होतं.

बाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी एक जण उभा होता. खिशाला दोन पेनं, हातात प्लॅस्टिकची फाईल. "ताई, नाव नाही ना सापडत? २१ दिवस उलटले की ऑर्डर काढावी लागते. सहा महिने जातील तुमचे." मी त्या ओट्यावरच बसले. शोधायचे ७००, उशिराच्या नोंदीचे २,५००, आणि विम्याला लागतो म्हणून 'कारण छापलेल्या' दाखल्याचे आणखी २,५००. सगळे फोनवरून दिले. पावती मागायचं सुचलंच नाही. खरं सांगायचं तर लाज वाटली.

चार दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर दाखला आला. शिक्का, सही, क्यूआर कोड, सगळं होतं. विम्याच्या ऑफिसातल्या मुलीने एकदा पाहिला आणि बाजूला ठेवला. "काकू, दाखल्यावर मृत्यूचं कारण छापतच नाहीत." जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातच ती मनाई आहे, १७ व्या कलमात. कारण असतं ते डॉक्टरांच्या वेगळ्या प्रमाणपत्रात. म्हणजे ज्या ओळीसाठी मी जादा अडीच हजार मोजले, तिनेच खोटेपणा उघडा पाडला. क्यूआर कोड स्कॅन केला तर सरकारी दिसणारं पान उघडलं, पण पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नव्हतं, भलतंच शेपूट होतं.

मग मुलीला घेऊन दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात गेले. त्यांनी तिसऱ्याच दिवशी कळवलं होतं. दवाखान्यातल्या मृत्यूची खबर द्यायची जबाबदारी कायद्याने दवाखान्याचीच असते, तेव्हा माझा उशीर झालाच नव्हता. नोंद होती, फक्त फॉर्मवर ह्यांचं नाव आणि आडनाव उलटसुलट पडलं होतं. आडनावाच्या जागी नाव घालून शोधलं आणि खिडकीवरच्या माणसाने मिनिटभरात काढून दाखवलं. दुरुस्तीला अर्ज, ह्यांचं आधार आणि दवाखान्याचं पत्र दिलं. हेलपाटे झाले, पण पैसे भरले ते पावती घेऊन.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. मी तीन आठवड्यांनी केला. तक्रार नोंदली गेली, पैसे तोवर पुढे गेले होते.

त्या माणसाने माझा नंबर ब्लॉक केलाय. परवा मुलीने तिच्या फोनवरून लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "बोला ताई, कोणाचा दाखला काढायचाय?"