वागळे इस्टेटमध्ये करून घेतलेला लाँगबो, मेटल रायझरवर

ग्राउंडवर बरेच जण विचारतायत की माझा हा लाँगबो, म्हणजे साधा लांब धनुष्य, कुठला, म्हणून एकदाच नीट लिहिते. विकत आणलेला नाही, करून घेतलाय. ठाण्यात वागळे इस्टेटला एक छोटा गाळा आहे, तिथले काका मूळचे फायबरग्लासचं काम करणारे, गेली काही वर्षं धनुष्याचे लिम्ब, म्हणजे वरखाली वाकणारे दोन हात, बनवतात. बोर्डबिर्ड काही नाही, ओळखीतूनच लोक जातात.

मला लाँगबोच हवा होता. २०२३ ला बर्लिनला आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघंही कंपाउंड तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाले, तेव्हापासून आमच्याकडे येणारं प्रत्येक पोरगं कंपाउंड, म्हणजे पुलीवाला धनुष्य, मागतं आणि ते छानच आहे, मलाही त्या दिवशी रडू आलं होतं. पण मला स्वतःला नेम धरायची साइट नको, पुली नको, नुसता बाण आणि डोळा, त्यातच मजा येते. अडचण एकच, मी घणसोलीला राहते आणि सरावाला ठाण्याला येते ट्रान्स हार्बरने. अखंड लाँगबो म्हणजे साडेपाच फुटांची काठी, ती घेऊन सकाळच्या गाडीत लेडीज डब्यात चढून दाखवा. म्हणून सुटा होणारा हवा होता, आणि माझ्याकडे जुना २१ इंची मेटल रायझर, म्हणजे मधला हाताने धरायचा भाग, पडून होता, सेकंडहँड घेतलेला ११,००० ला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आयएलएफ म्हणजे रायझरला लिम्ब जोडायचं एक ठरलेलं माप. आयएलएफ फिटिंग असलं की एका कंपनीच्या रायझरवर दुसऱ्याचे लिम्ब बसतात, बोल्टखाली सरकवायचे, खटका बसला की झालं. बहुतेक लोक त्यावर रिकर्व्हचे लिम्ब लावतात, टोकाला पुढे वळलेले. काकांनी त्याच फिटिंगचे लाँगबोचे लिम्ब बनवून दिले, मध्ये बांबूच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना फायबरग्लास, आणि स्ट्रिंग, म्हणजे दोरी, चढवली की ती टोकाच्या खाचेशिवाय लिम्बला कुठेच टेकत नाही. लिम्ब रायझरवर बसवल्यावर एकूण लांबी ६६ इंच.

पहिल्या भेटीत त्यांनी काय केलं तर मला भिंतीला टेकून उभं केलं, हलका धनुष्य दिला आणि माझा ड्रॉ, म्हणजे मी स्ट्रिंग किती मागे ओढते ते, तीन वेळा मोजला, साडेसव्वीस इंच. मी म्हटलं ओढायला ४० पाउंड जोर लागेल असा करा. ते म्हणाले, "ताई, ४० कशाला? खांदा दुखतोय हे ओढतानाच दिसतंय. ३४ घ्या, सहा महिने मारा, मग बघू." आणि ते ३४ माझ्या ड्रॉवर धरलेले, २८ इंचावर नाही. हे फार महत्त्वाचं आहे कारण दुकानात लिम्बवर जे लिहिलेलं असतं ते २८ इंचाचं असतं, तुम्ही कमी ओढत असाल तर इंचामागे साधारण दोन पाउंड कमी भरतात, आणि उलट २५ इंची रायझरच्या हिशेबाने छापलेले लिम्ब २१ वर लावले की तीनचार पाउंड वाढतात. लोक आकडा वाचून घेतात आणि मग खांद्याच्या डॉक्टरकडे जातात.

आता तक्रार. मी ऑर्डर जुलैत दिली, भर पावसात. एक महिना सांगितला होता, लागले जवळजवळ दोन. पहिला सेट आला तेव्हा खालचा लिम्ब पिळलेला होता, स्ट्रिंग लिम्बच्या मधून न जाता एका बाजूला जात होती. रायझरच्या बोल्टवरून थोडं सरळ करता येतं ते करून पाहिलं, नाही जमलं. मी जरा चिडूनच परत गेले. काकांनी एक शब्द वाद घातला नाही, स्वतःच हातात धरून पाहिला आणि म्हणाले बांबूत ओल राहिली असणार, सुकवायला कमी वेळ दिला, चूक माझी. पूर्ण जोडीच नवीन केली, पैसे घेतले नाहीत. पण फोन करून काही कळवत नाहीत, आपणच विचारत राहायचं, हे मला अजिबात आवडलं नाही. पावसाळ्यात ऑर्डर देऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी जोडी मात्र अशी बनलीय की काय सांगू. टिलर करताना मी समोर बसले होते, भिंतीवरच्या चौकटीत धनुष्य आडवा अडकवलेला, खाली सामान तोलायचा डिजिटल काटा, आणि ते एकेक इंच ओढून दोन्ही लिम्ब सारखे वाकतायत का बघत होते, जिथे कडक वाटेल तिथे पॉलिशपेपरचे चार हात, परत ओढायचं, परत बघायचं. तीन तास गेले. सोळा हजार पाचशे घेतले जोडीचे, त्यातले निम्मे मी या तीन तासांचेच समजते.

ग्रिप पण बदलून घेतली. टार्गेट रायझरची ग्रिप उंच असते, मनगट वर राहतं, लाँगबोला मला हात खाली सपाट बसलेला लागतो. सागवानाच्या तुकड्यातून घडवून दिली, १,२०० रुपये. बाण टेकवायचा कठडा, म्हणजे शेल्फ, मात्र नाही माझ्या रायझरला, म्हणून चिकटवायची साधी रेस्ट लावलीय. थेट शेल्फवरून मारायची हौस असेल तर १७ किंवा १९ इंची, शेल्फवाला रायझर बघा.

एक चूक टाळा. मी रिकर्व्हची ६६ ची तयार स्ट्रिंग लावली, ती खरी ६२ इंच असते, चार इंच कमी. लाँगबोला तीन इंच कमी, म्हणजे ६३ ची लागते. आखूड स्ट्रिंगमुळे ब्रेस हाइट, म्हणजे ग्रिपपासून स्ट्रिंगचं अंतर, खूप चढली, ओढायला कडक आणि आवाजही मोठा. ६३ ची बांधून घेतली, ब्रेस सव्वासात इंचावर आणली आणि एकदम शांत झाला.

मारताना कसा वाटतो? लाकडी लाँगबो सोडल्यावर हातात झटका बसतो तो इथे जवळजवळ नाहीच, मेटलचं वजन तो खाऊन टाकतं. पण हेच वजन पहिले दोन आठवडे डाव्या हाताला जाणवतं, अख्खा धनुष्य दीड किलोच्या आसपास आहे. वीस मीटरवर माझे बाण आता वितीत पडतात. आणि सुटा केला की साध्या सॅकमध्ये मावतो, घणसोलीला चढताना कोणी बघतही नाही.

स्पर्धेसाठी घेत असाल तर आधी नियम वाचा. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या लाँगबो गटात बाण लाकडीच लागतात, आणि आपल्याकडचा इंडियन राउंड वेगळा, तो बांबूच्या धनुष्याचा, तिथे हे चालायचं नाही.

जाणार असाल तर शुक्रवारी गाळा बंद असतो. आपला रायझर सोबत घेऊन जा, फोटोवरून ते माप घेत नाहीत. मी दिवाळीनंतर आणखी एक जोडी सांगणारे, ३८ पाउंडची, रायझर तोच.