स्वतःचे स्की बूट: एक सीझन, 14 दिवस वापरून झाल्यावर

बूट डिसेंबरच्या शेवटी घेतले, आता एप्रिल चालू आहे, मध्ये बर्फावर 14 दिवस झाले, तर आता लिहायला हरकत नाही. पण बुटांबद्दल लिहायचं तर आधी स्नोप्लोबद्दल, म्हणजे स्कीवर वेग कमी करण्याच्या पहिल्या पद्धतीबद्दल लिहावं लागेल कारण बूट घेतले तेच त्याच्यापायी.

आम्ही म्युनिकला राहतो, इथून गार्मिश हे स्कीइंगचं गाव ट्रेनने साधारण सव्वा-दीड तास. मुलीला स्की कोर्सला घातलं आणि 39 व्या वर्षी मीपण मोठ्यांच्या कोर्सला नाव दिलं. पहिले तीन दिवस तिथल्या हाउसबर्ग डोंगरावर, सगळं भाड्याचं. दुकानात विचारलं कम्फर्टेबल वाटतंय का, मी म्हटलं हो, कारण पाय छान मोकळा होता, बोटं हलत होती. तीच चूक झाली. तो बूट 27.5 चा होता आणि माझं पाऊल आहे 25.3 सेंटिमीटर. स्की बुटाचा नंबर म्हणजे सरळ पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये, हे मला नंतर कळलं, आणि त्या दुकानात माझं पाऊल कोणी मोजलंच नव्हतं.

आता स्नोप्लो म्हणजे काय, तर दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आणि दोन्ही स्की आतल्या कडेवर किंचित कललेल्या, त्या कडा बर्फ खरवडतात म्हणून वेग कमी होतो. मागची टोकं जितकी फाकवाल तितका ब्रेक जास्त. लहान मुलांना इथे पिझ्झा आणि पोमेस असं शिकवतात, पिझ्झा म्हणजे त्रिकोणी तुकडा, पोमेस म्हणजे फ्रेंच फ्राइज, सरळ समांतर. माझी मुलगी दुसऱ्या दिवशी पिझ्झा करून मस्त थांबत होती आणि मी पाय फाकवून फाकवून मांड्या भरून आल्या तरी घसरतच जायचे. कारण ढिल्या बुटात तुम्ही गुडघा वळवता, घोटा आतल्या आत फिरतो आणि खाली स्की सपाटच्या सपाट. मग भीती वाटते, भीती वाटली की माणूस आपोआप मागे झुकतो, वजन टाचेवर जातं, स्कीची पुढची टोकं हलकी होतात आणि मग वळणं तर सोडाच. तीन दिवस मला वाटत होतं माझ्या पायात ताकदच नाही.

शेवटी आमच्या इन्स्ट्रक्टरनेच बूट बघितला, म्हणाली टाच वर उचलून दाखव, आणि टाच चांगली दोन बोटं उचलली गेली. तिने सांगितलं स्की भाड्याने घे हवं तर पण बूट स्वतःचे घे.

बूटफिटरकडे, म्हणजे पाय मोजून बूट बसवून देणाऱ्याकडे, सव्वा तास गेला. आतला लायनर, म्हणजे मऊ आतला बूट, काढून नुसत्या प्लास्टिकच्या शेलमध्ये पाय घालायला लावतात, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघायचं, दीड-दोन सेंटिमीटर असेल तर ठीक. मला 25.5 बसला, फ्लेक्स 70. फ्लेक्स म्हणजे बूट पुढे वाकायला किती कडक, शिकणाऱ्या बायकांना 60 ते 80 च्या आसपास देतात, पण हा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो त्यामुळे नुसत्या आकड्यावर ऑनलाइन मागवू नका, प्लीज. उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकतात आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की टाच मागे बसते आणि बोटं सुटतात. दुकानात सरळ उभं राहून घट्ट आहे म्हणून बरेच जण नको म्हणतात. आणि कोल्हापुरी चप्पल सुरुवातीला चावते मग सैल होते तसंच इथेही, लायनरचा फोम चार-पाच दिवसांत दबतो, म्हणजे दुकानात आरामशीर वाटलेला बूट नंतर ढिलाच होणार.

फरक पहिल्याच उतारावर कळला. नडगी बुटाच्या जिभेला टेकवून ठेवली, हात पुढे, नजर लांब, आणि प्लो लागला! गुडघा जरा आत घेतला की कड धरत होती. वळायचं तर बाहेरच्या पायावर वजन, म्हणजे डावीकडे जायचं तर उजव्या पायावर दाब द्यायचा, हे ऐकायला उलटं वाटतं पण एकदा जमलं की पाय स्वतःच करतो. पाचव्या दिवशी मी निळ्या पिस्टवरून, म्हणजे सोप्या आखलेल्या उतारावरून, वरपासून खालपर्यंत एकदाही न पडता आले, डोळ्यात पाणी आलं होतं खरंच. स्नोप्लोपासून सुरू करायची ही पद्धत ऑस्ट्रियातल्या आर्लबर्गच्या हानेस श्नायडरने रुळवली, सेंट अँटनला 1921 मध्ये त्याने स्की स्कूल काढली, आणि त्या काळी बूट चामड्याचे असायचे. त्या बुटांत लोक हे शिकले याचं मला आता जास्तच कौतुक वाटतं.

तक्रारी पण आहेत. उजव्या करंगळीपाशी सहा दिवस भयंकर दुखायचं, परत जाऊन तिथे शेल गरम करून थोडा फुगवून घेतला, मग थांबलं. मी आधी दोन जाड मोजे घालायचे, ते बंद केले, एकच पातळ लांब मोजा, पाय उलट कमी गारठतो. बूट रात्री गाडीत ठेवला तर सकाळी प्लास्टिक इतकं कडक होतं की पाय जात नाही, खोलीत आणायचा, लायनर काढून वाळवायचा, हीटरवर नाही. आणि बकल लावताना आधी टाच मागे ठोकून बसवायची, मग वरचे बकल नीट आवळायचे, चवड्यावरचे अगदी हलके, नाहीतर मुंग्या येतात.

260 युरो पडले. भाडं दिवसाला 14 होतं म्हणजे पैसे अजून वसूल नाहीत, चार-पाच दिवस पुढच्या सीझनला लागतील. स्की अजून भाड्याच्याच घेते, 155 च्या, त्यासाठी बुटावर कोरलेली सोलची लांबी मिलिमीटरमध्ये फोनमध्ये लिहून ठेवली आहे, बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा भाग, त्याच्यावर आणि आपल्या वजन-उंची-वयावर सेट करतात, ते केल्याशिवाय दुकानातून निघू नका. आता बकल सैल लावून कपाटात ठेवलेत, पार्किंगमध्ये चालून टाचेचं रबर थोडं झिजलंय, ते नोव्हेंबरात बदलून घेणार आहे.